अक्कानं मला उन्हात बसवलं

लिहा ताई, पण आधीच सांगते, मी तुमच्यासारखं शुद्ध बोलायला जाईन आणि मधेच आहिराणी तोंडात येईल, तर ती पुसू नका, तशीच राहू द्या. माझं माहेर नरडाण्याच्या अलीकडचं, रुळाच्या पल्याड आमचं शेत, आणि तिथं बठ्ठी, म्हणजे सगळी, माणसं अशीच बोलतात. नाव कमल, माहेरीही कमल आणि सासरीही कमल, सासूनं नाव बदललं नाही, म्हणाली नाव बदलून काय स्वभाव बदलतो का. शाळा चौथीपर्यंत, पुढं शेतात. कापूस वेचायला सकाळी दव असतानाच जायचं, निंदायला जायचं, भुईमूग उपटायला जायचं, सगळं उन्हात, पाय पोळायचे, पाठ पोळायची, आणि घरी आलं की जेवता जेवता झोप लागायची. माझी आई म्हणायची, घास तरी गिळ व माय, मंग झोप. तेव्हा मला वाटायचं, झोप काय मागून घ्यायची वस्तू आहे का, अंधार पडला की ती येतेच.

तर लग्न होऊन धुळ्याला आले. आमच्या ह्यांचं कापडं शिवायचं दुकान. आमच्यात कोणी शिवणकाम केलं नव्हतं, पण ह्यांनी हट्टानं शिकून घेतलं, हात चांगला, पोलकं असं बसायचं की बायका लांबून यायच्या, फक्त वेळेवर द्यायचं नाही. आज देतो, उद्या देतो, लग्न होऊन नवरी सासरी पोचायची आणि तिचं पोलकं आमच्या खुंटीवर. घर गल्लीत, आणि गल्ली अशी अरुंद की समोरच्या घरात फोडणी पडली की शिंका आम्हाला यायच्या. ओट्यावर दुपारी जरा वेळ उन्हाची पट्टी यायची आणि निघून जायची. मधल्या खोलीला खिडकी नव्हती, दिवसासुद्धा बल्ब लावायचा आणि त्याच्याखाली बसून मी हातशिलाई करायची, काजं करायची, बटणं लावायची. बाहेर जायचं म्हणजे देवळात, तेही पदर असा ओढून. मी काही तक्रार करत नाही हां, माझ्या मैत्रिणी शेतात राबत होत्या आणि मी सावलीत बसून काम करत होते, सगळे म्हणायचे कमलचं नशीब चांगलं, सावलीतलं सासर मिळालं. मलाही तसंच वाटायचं.

आणि धाबं होतं बरं का वर. धाबं म्हणजे घरावरची मातीची गच्ची, मोठी, चांगली. पण धाब्यावर सुनांनी जायचं नाही, कारण पलीकडच्या रस्त्यावरून सगळं दिसायचं, लोक काय म्हणतील. उन्हाळ्यात पुरुष वर झोपायचे, आम्ही बायका खाली. चैत्रात बिबडे करायचे तेव्हासुद्धा मी खालीच. बिबडे तुम्ही खाल्ले असतील, ज्वारीचे, आमच्या खान्देशात ते नसले तर घराला घरपण नाही. भिजवलेली ज्वारी कांडायची, तीळ, लसूण, मिरची घालून घाटा शिजवायचा, आणि तो गरम घाटा ओल्या धोतरावर हातानं थापायचा, उन्हात. तर घाटा ढवळायचा ती सून, आणि वर जाऊन थापायच्या त्या म्हाताऱ्या बायका, अशी वाटणी.

रंजना झाली, ती चार वर्षांची झाली, मग मुलगा झाला. मुलगा झाल्यावर माझं अंग दुखायला लागलं. कंबर, मांड्या, बरगड्या. खाली बसले की उठताना मांडीवर हात टेकल्याशिवाय उठता येईना, म्हाताऱ्या बाईसारखं. मी म्हटलं बाळंतपण आहे, जाईल. पण त्याच्याबरोबर झोप गेली. काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटायचं बाळ रडतं म्हणून मी जागते, अहो बाळ ढाराढूर झोपायचं आणि मी त्याच्याकडे बघत पडायची. दिवसा मात्र डोळ्यांत वाळू घातल्यासारखं व्हायचं, हातात सुई आणि मान खाली. एकदा एका बाईच्या पोलक्याची काजं मी पाठीवर केली. ती बाई भांडायला आली, पोलकं घातलं तर बटणं मागं, तेव्हा हे पहिल्यांदा मला काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, वाईट नव्हती. देव तिचं भलं करो, तिनं जे केलं ते मायेनंच केलं. तिनं माझे तळपाय हातात घेतले, कपाळाला हात लावला आणि सांगितलं, हिनी उष्णता वाढेल शे. आता आमच्याकडे ऊन असं की माणसाला काहीही झालं तर उष्णता. झोप नाही, उष्णता. तोंड आलं, उष्णता. राग आला तरी उष्णता. मग सब्जाचं पाणी, धन्या-जिऱ्याचं पाणी, तळपायाला मेंदी, काशाच्या वाटीनं तूप चोळायचं, ती स्वतः बसून चोळायची हो, तिचे हात दुखेपर्यंत. आणि मला उन्हाचा वारा लागू द्यायचा नाही. ओट्यावर बसू नको, चुलीजवळ बसू नको, आत अंधारात पड. शेवटी मधल्या खोलीच्या दारावर तिनं ओलं गोणपाट टांगलं, दिवसातून कितीदा तरी पाणी मारायची त्याच्यावर. थंड वाटायचं खरं. पण दारातून जो काही उजेड येत होता तोही गेला. झोप येईना म्हणून मला अंधारात ठेवायचं, आणि अंधारात ठेवलं की झोप आणखी लांब, पण हे कोणाला माहीत? मलाही नव्हतं माहीत. मी तर तिला म्हणायची, आत्याबाई, गोणपाट वाळलं, पाणी मारा.

आणि मग ते झालं. दुपारी मी स्टोपाशी चहा करत होते, रंजना मला टेकून बसलेली, आणि माझा डोळा लागला. बसल्या बसल्या. पदर स्टोवर गेला. आत्याबाई तिथंच होती म्हणून, तिनं पदर ओढून पायाखाली विझवला. मला काही झालं नाही, पोरीला काही झालं नाही, पदराचा कोपरा जळला तेवढाच. पण त्या दिवसापासून रंजनाला ती स्वतःजवळ झोपवायला लागली, आणि थोड्या दिवसांनी ह्यांच्याशी बोलली. मी गोणपाटाच्या आत पडलेली, सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, कमलला दोन लेकरं झेपत नाहीत, पोरीला काही झालं तर आपण काय करणार, धरणगावच्या आपल्या अक्काला मूलबाळ नाही, तिच्याकडे देऊ रंजनाला, ती जीव लावील, आणि कमलपण सुटेल. हे म्हणाले, कधी? ती म्हणाली, आखाजीला अक्का येईल, जाताना घेऊन जाईल.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. तिचा नवरा धरणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, माणूस गरीब स्वभावाचा, घर चांगलं, फक्त पाळणा हलला नव्हता. तिच्याकडे मुलगी सुखात राहिली असती, हे मला कळत होतं हो. आणि मी काय म्हणणार होते? नाही म्हटलं तर लोक म्हणाले असते, स्वतःला धड सांभाळता येत नाही आणि पोर हवी. पण आतून काय होत होतं ते मी कोणाला सांगू. रंजना मांडीवर आली की मी तिचे केस विंचरायची, पुन्हा सोडायची, पुन्हा विंचरायची.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे मोठा सण ताई, दिवाळीला नाही आली तरी चालेल पण आखाजीला लेक माहेरी येणार, झाडाला झोके बांधणार. अक्का त्या वर्षी आधीच आली, बिबडे करायचे म्हणून. आली ती रंजनासाठी दोन झगे घेऊन आली, पिवळा आणि निळा. रंजना नाचली. मी आतून बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी अक्काशी नीट बोललेसुद्धा नाही, हो-नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी घाटा शिजला, आणि आत्याबाईचा गुडघा धरला, तिला जिना चढवेना. शेजारणी आपापल्या धाब्यावर. अक्का गोणपाट बाजूला करून आत आली आणि म्हणाली, चाल वहिनी, माले एकलीले व्हत नही, मी थापते, तू कावळे हाकल. आत्याबाई बाहेरून ओरडली, तिला उन्हात नेऊ नको, उष्णता वाढेल. तर अक्का काय म्हणाली ऐका. म्हणाली, आठे अंधारामा बसाडीसन ती थंडी पडनी का माय? मंग वर बसाडी देखू. आणि माझा हात धरला. आत्याबाईला कोणी उलट बोलायचं नाही, पण लेक बोलू शकते, सून नाही.

जिना चढताना तिनं मला जवळजवळ उचलून नेलं. आणि वर गेले तर काय सांगू, किती तरी वर्षांनी मी उगवता सूर्य बघितला. लग्न झाल्यापासून बघितलाच नव्हता असं मला तिथं उभं राहून कळलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, उजेडानं. अक्का म्हणाली, रडतेस कशाला, मी म्हटलं रडत नाही, ऊन लागतंय. मग ती थापत बसली आणि मी काठी घेऊन बसले, पाठीवर ऊन, हातांवर ऊन, बाह्या वर केलेल्या, मला माझ्या आईच्या शेतातल्यासारखं वाटायला लागलं. ऊन तापायच्या आधी आम्ही खाली आलो.

त्या रात्री काही झोप आली नाही, मी खोटं सांगणार नाही. पण अक्कानं दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ज्वारीचे झाले मग नागलीचे पापड, मग कुरडया, त्या आखाजीला आमच्या घरात एवढं वाळवण झालं की गल्लीला पुरलं असतं. आणि हळूहळू संध्याकाळी मला जांभई यायला लागली. जांभई, ताई! आत्याबाई म्हणाली, तोंडावर हात ठेव, आणि मग तिच्या लक्षात आलं. मग एका रात्री थोडा वेळ डोळा लागला, मग जास्त. हे सगळं अक्का बघत होती. तिला दिसत होतं की मी बरी होत गेले तर तिला मुलगी मिळणार नाही, ती काही वेडी नव्हती. तरी रोज सकाळी गोणपाट बाजूला व्हायचं आणि तिचा हात आत यायचा, चाल वहिनी.

तिनंच मला दवाखान्यात नेलं. तिनं बघितलं की मी मांडीवर हात टेकून उठते. डाक्टरीणबाई होत्या, शांत बाई. त्यांनी बरगडीवर दाबलं, मी ओरडले. त्यांनी विचारलं, काम काय करता, कुठं बसता, उन्हात कधी जाता? मी म्हटलं, उन्हात कशाला जाऊ, मला उष्णता आहे. त्या हसल्या नाहीत. त्यांनी नीट समजावलं, की आपल्या कातडीला ऊन लागलं की अंगात व्हिटॅमिन डी तयार होतं, ते कमी पडलं की हाडं कमजोर होतात, दुखतात, आणि दुखणाऱ्या अंगाला झोप कुठून येणार. आणि दुसरं म्हणाल्या, सकाळचा उजेड डोळ्यांना दिसला की शरीराला कळतं दिवस सुरू झाला, मग रात्र कधी व्हायची ते शरीर आपलं आपण ठरवतं, तुमच्या शरीराला दिवसच दिसत नव्हता. औषध दिलं, दूध घ्यायला सांगितलं, आणि ऊन. उन्हानं, औषधानं, की दोन्हींनी, ते मी काय सांगू, हाडं दुखायची थांबायला तर पुढं पावसाळा उजाडला. पण मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा मला एवढं हलकं वाटलं, की मी वेडी नाही, मला काही लागीर नाही, मला ऊन कमी पडलंय. आमच्या धुळ्यात, ऊन!

घरी येऊन अक्कानं सगळं आईला सांगितलं. आत्याबाईनं ऐकून घेतलं. उठली, दारावरचं गोणपाट काढलं, झटकलं, आणि ह्यांच्या हाती धाब्यावर पाठवलं, मला बसायला अंथर म्हणून.

पण रंजनाचं कोणी काही बोलेना. ठरलेलं ठरलेलंच. आखाजी झाली, झोका बांधला, अक्कानं रंजनाला मांडीवर घेऊन असे झोके घेतले, पिवळा झगा उडत होता, दोघी खिदळत होत्या. सकाळच्या गाडीनं निघायचं, पोरीची पिशवी भरून ठेवलेली. आत्याबाई म्हणाली, आजची रात्र झोपू दे तिला आईजवळ. मी ठरवलं होतं आज झोपायचंच नाही, रात्रभर तिला बघायचं. आणि बघा कसं असतं, ज्या रात्री जागायचं होतं त्या रात्री अशी झोप लागली, अशी झोप लागली, की डोळे उघडले तेव्हा ओट्यावर चांगला उजेड, आणि माझ्या शेजारी रंजना नाही. पिशवी नाही. घरात कोणी नाही, आत्याबाईसुद्धा बाळाला घेऊन कुठं बाहेर गेलेली. मला वाटलं, गेली गाडी. कशी उठले माहीत नाही, मांडीवर हात टेकला की नाही तेही आठवत नाही, जिन्यानं वर गेले.

वर अक्का बसलेली, त्याच गोणपाटावर. रंजना तिच्या मांडीवर बिबड्याचा तुकडा चघळत होती. शेजारी पिशवी उघडी, आणि निळा झगा, पिवळा झगा, सगळे कपडे काढून घडी करून ठेवलेले. मी तिथंच बसले. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, वहिनी, मी तुले उठाडाले उनी व्हती. दोनदा हाक मारी, तू उठनी नही. पोर तुना पोटजोडे, तुना हात तिना आंगवर. मी तठेच बसनी. गाडी गयी. मग रंजनाच्या तोंडावरचे तीळ पुसत राहिली, आणि म्हणाली, तुन्ही आंडेर, तुन्ही लेक, तुनाच जोडे ऱ्हावू दे. जी बाई अशी झोपू शकते, तिला लेकरू झेपतं.

मी तिच्या पाया पडायला गेले तर तिनं पाय ओढून घेतले. मग आम्ही दोघी रडलो, आणि रंजना आम्हाला बघून रडली, आणि त्या गडबडीत कावळ्यांनी अर्ध्या कुरडया नेल्या.

दुपारच्या गाडीनं ती गेली. एकटी. आखाजीला आलेली लेक अशी जात नाही, आत्याबाई दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी ओटी भरली, बिबड्यांचं गाठोडं दिलं, दुसरं काय देणार होते? तिला जे हवं होतं ते तिनंच परत ठेवलं होतं. पण त्याच वर्षी मी रंजनाला सांगितलं, सुट्टी लागली की धरणगावला जायचं, आणि ती दर वर्षी गेली. अक्काचे मालक तिला माझी पाहुणी म्हणायचे, जिनिंगमधून येताना रोज काहीतरी खाऊ आणायचे.

मग रंजनाचं लग्न ठरलं. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही रागावू नका, पण कन्यादान अक्कानं आणि तिच्या मालकांनी करायचं. हे घरच्या मशीनवर बसलेले, पाय थांबला. बापाचा मान तो, सोपं नाही. उठून दुकानात गेले, आणि संध्याकाळी अक्कासाठी नवीन पोलकं शिवून आणलं, लग्नाच्या कितीतरी दिवस आधी. उभ्या जन्मात ह्यांनी वेळेवर दिलेलं ते एकच पोलकं. अक्का म्हणाली, माले कसाले बसाडतस? मी म्हटलं, तुम्ही बसा अक्का, तुमचीच आहे. बोहल्यावर तिनं रंजनाचा हात धरला तो सोडेचना, भटजींना सांगावं लागलं.

आता आत्याबाई नाही, गल्लीत पक्की घरं झाली, आमचं धाबंही सिमेंटचं झालं. हाडं माझी ठणठणीत आहेत, सकाळी चहा घेऊन मी वर जाते, पोलकी शिलाईला वरच नेते, लोक काय म्हणतील ते म्हणून झालं. आणि झोप, ताई, मला कोणी एवढं सोनं दिलं तरी मी झोप देणार नाही. रात्री पाठ टेकताना मी आधी देवाचं नाव घेते, मग अक्काचं.

यंदाच्या आखाजीला अक्का आली आणि रंजनाही सासरहून आली. सकाळी आम्ही तिघी वर. अक्का आता थकली, केस पांढरे झाले, बोलता बोलता रंजनाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिचा डोळा लागला. तोंड उघडं टाकून झोपली, लहान पोरासारखी. ऊन चढायला लागलं तशी रंजना म्हणाली, आई, आत्याला हाक मारू का, खाली नेऊ. मी म्हटलं, नको. मी उठले, उन्हाच्या बाजूला उभी राहिले आणि तिच्या तोंडावर माझ्या पदराची सावली धरली. तिनं मला दोनदा हाक मारली होती. मी तिला एकदाही मारली नाही, झोपू दिलं.